वजन कागदाचं, धक्का माणसाचा

नेपानगरात कागद ओळखतात तो त्याच्या जीएसएमवरून, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो त्यावरून. वृत्तपत्राच्या कागदाचा देशातला पहिला कारखाना आमच्या गावातला. 1956 साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. बांबू आणि सालईच्या लगद्यापासून इथे कागद होत असे, पुढे रद्दीपासून होऊ लागला. आजचा वृत्तपत्राचा कागद साधारण 45 जीएसएमचा असतो. त्याचा 15 सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापला, तर तो भरतो एक ग्रॅम. तळहातावर ठेवून पाहा, आहे की नाही ते कळत नाही. हात जरा हलला की तुकडा उडतो.

12 नोव्हेंबर 2014 रोजी फिले नावाचं यान 67पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको या धूमकेतूवर उतरलं, तेव्हा तिथे त्याचं वजन साधारण एवढंच होतं. पृथ्वीवर मात्र ते सुमारे शंभर किलो भरत असे.

इतकं कमी वजन म्हणजे उतरणं सोपं, असं कुणालाही वाटेल. चंद्राचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर ताजं आहे. 7 सप्टेंबर 2019 ला आपला विक्रम आदळला आणि 23 ऑगस्ट 2023 ला दुसरा विक्रम अलगद टेकला. चंद्रावरची सगळी झुंज वेगाशी असते. सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त असलेला वेग काही मिनिटांत शून्यावर आणायचा असतो. तो एकदा मारला की चंद्र यानाला धरून ठेवतो. धूमकेतू धरत नाही. वजन एक ग्रॅम झालं तरी यानाचं वस्तुमान शंभर किलोच राहतं. फिले टेकलं ते सेकंदाला एक मीटर वेगाने, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तसं. धक्का शंभर किलोच्या माणसाचा आणि त्याला जमिनीवर धरून ठेवायला जोर मात्र कागदाच्या तुकड्याइतका. तेवढ्याच वेगाने ते उलट उसळलं असतं, तर परत आलंच नसतं.

म्हणून त्याला तीन आधार दिले होते: जमिनीत घुसून दोरीने बांधून ठेवणारे भाले, वरून खाली दाबणारा वायूचा झोत आणि पायांतले स्क्रू. झोत चालणार नाही हे यान सोडण्याआधीच कळलं होतं. तरीही सोडायचं ठरलं, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. रोझेटा हे मुख्य यान 2004 मध्ये निघालं होतं. दहा वर्षं चालून आल्यावर नुसतं पाहून परतण्यात काही अर्थ नव्हता. साडेबावीस किलोमीटरवरून फिले सात तास खाली पडत राहिलं. त्याला दिशा देणारं इंजिन नव्हतं. पृथ्वीवरून निरोप पोचायला 28 मिनिटं लागत होती, तेव्हा मधेच कुणी सावरणं शक्यच नव्हतं. ते टेकलं, पण भाले सुटलेच नाहीत. सेकंदाला 38 सेंटिमीटर वेगाने ते उसळलं आणि पावणेदोन तासांहून अधिक वेळ अधांतरी राहिलं. वाटेत एका कड्याला घासून, आणखी एकदा टेकून, शेवटी एका कपारीत तिरकं अडकलं. तिथे साडेबारा तासांच्या दिवसात ऊन जेमतेम दीड तास.

याला अपयश म्हणायचं का? पहिल्या टेकण्यात उडालेली धूळ यानाच्या नळीत शिरली आणि उसळून हवेत असतानाच त्याच्या उपकरणाने तिचा वास घेतला. हवेत म्हणण्याची आपली सवय. तिथे हवा नाही. 2015 मध्ये त्या मोजणीतून सेंद्रिय रेणूंची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यातलं एक नाव वाचून मध्य प्रदेशातला कोणीही वाचक थबकेल: मिथाइल आयसोसायनेट, भोपाळचा वायू. पुढच्या फेरतपासणीत यादीतल्या काही नावांवर शंका घेतली गेली. विज्ञानात असंच व्हायला हवं. पण शंका घ्यायला आधी मोजमाप हाती असावं लागतं आणि ते त्या उसळीने दिलं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसरी एक गोष्ट. शेवटच्या जागी फिलेने जमिनीत हातोड्याने खुंटी ठोकून पाहिली. जोर वाढवत वाढवत शेवटच्या पायरीपर्यंत नेला, तरी खुंटी आत गेली नाही. आणि तिथून फक्त तीस मीटरवर, जिथे ते दुसऱ्यांदा टेकलं होतं, तिथला बर्फ कॉफीवरच्या फेसाहून मऊ निघाला. हे 2020 मध्ये यानाच्या उमटलेल्या खुणांवरून समजलं. आपल्या अंगणाएवढ्या अंतरात एकीकडे फेस, एकीकडे खडक. अख्खा धूमकेतू पाण्यात टाकला तर तरंगेल इतका हलका आहे, त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त पोकळी आहे, पण वरून तो कोळशासारखा काळा आणि टणक दिसतो. दुर्बिणीतून यातलं काय कळलं असतं?

मुळात यान घडवलं तेव्हा ही जागा कुणी पाहिलीच नव्हती. आधी जायचं ठरलं होतं ते विर्टानेन नावाच्या दुसऱ्याच धूमकेतूवर. 2002 मध्ये एरियान-5 अग्निबाण फसला, उड्डाण लांबलं आणि मुक्काम बदलावा लागला. नवा धूमकेतू मोठा, त्याचं आकर्षण जास्त, म्हणून यानाचे पाय अधिक भक्कम करावे लागले. त्या धूमकेतूला दोन गोळे जोडल्यासारखा आकार आहे, हे कळलं 2014 च्या जुलैत, उतरण्याच्या चार महिने आधी. धूमकेतूवर उतरण्यातली खरी अडचण मला इथे दिसते. जिथे जायचं ती जागा माहीत नसते आणि तिथे गेल्याशिवाय ती कळत नाही.

आमच्या आज्या धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत आणि ते दिसलं की धास्तावत. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीकडे येणाऱ्या धूमकेतूचा मार्ग बदलायला यान पाठवतात. तशी वेळ खरोखर आली, तर पहिला प्रश्न असेल की समोर आहे ते फेस की खडक. खडकाला ढकलता येतं, फेसाला ढकलायला गेलं तर तो विखुरतो. हा प्रश्न ऐन वेळी सोडवता येणार नाही. म्हणून आपल्या इस्रोनेही अशा लहान पिंडांना हात लावण्याचं काम अंगावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. चंद्रावर जमलं म्हणजे उतरणं जमलं, या समाधानात राहू नये. आणि त्यातलं पहिलं यान कपारीत तिरकं अडकलं, तर वाचकहो, दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात त्याला अपयश म्हणण्याआधी त्याने काय मोजलं ते विचारा.

फिले अजून त्या कपारीतच आहे. 2016 च्या सप्टेंबरात रोझेटाने त्याचा फोटो काढला आणि महिनाअखेरीस तीही त्याच धूमकेतूवर उतरून कायमची बंद झाली. 67पी सुमारे साडेसहा वर्षांत सूर्याभोवती एक फेरी करतो. 2028 मध्ये तो दोन्ही यानांना घेऊन पुन्हा सूर्याजवळून जाईल.