वरच्या खुर्चीची परीक्षा

जत तालुक्यातला बेदाणा सौद्यासाठी तासगाव-सांगलीला जातो. शेडमधल्या जाळ्यांवर वाळवलेला, निवडून पेट्यांत भरलेला, शीतगृहात राखलेला माल. सौद्यात पेटी फुटते, खरेदीदार मूठ भरून घेतो, दोन दाणे तोंडात टाकतो आणि बाकीचे खाली सोडून देतो. या उधळणीची तक्रार जुनीच आहे. तूट येते ती येतेच. पण माल ज्याचा तो शेतकरी समोर उभा असतो. त्याच्यादेखत त्याच्या मालाचा असा अनादर होतो. प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियस वागण्यातल्या बारीकसारीक रीतीभातींवर इतका का अडून बसायचा, हे इथं चटकन समजतं.

व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत त्याच्या नावावर भलतंच खपतं: वरिष्ठांचा मान ठेवा, निष्ठा ठेवा, कंपनी म्हणजे कुटुंब. (पगारवाढीच्या वेळी मात्र हे कुटुंब बाजारभाव दाखवतं.) वास्तविक त्याच्या शिकवणीत बांधिलकी दोन्हीकडची, आणि नीट वागण्याची पहिली पाळी वरच्याची. १८७३ मध्ये जपानची पहिली आधुनिक बँक उभारणाऱ्या शिबुसावा एइइचीनं हीच शिकवण धंद्यात आणली. नफा आणि नीती यांचा संसार एकत्र मांडता येतो, असं तो सांगत राहिला.

आमच्याच सांगली जिल्ह्यात कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कन्फ्यूशियसचं नाव न घेता तसंच काहीसं केलं. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली, दहा हजारांचं कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर कामगारांची घरं आली. शिक्षा भोगून आलेल्यांनाही तिथं राखणीचं काम मिळालं. विश्वास आधी मालकानं टाकला.

तरी मला एक खटकतं. मालक भला निघाला तर ठीक. नाही निघाला तर? हान फेई या चिनी विचारवंतानं इ.स.पू. तिसऱ्या शतकातच बजावलं होतं, की राज्य चांगल्या माणसांच्या भरवशावर सोडू नका, कायदा करा. द्राक्षं उचलून पैसे न देता पसार झालेल्या दलालांच्या गोष्टी जतच्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळतात. तिथं दलालाच्या सद्गुणांवर विसंबून काय होणार? विक्रीची लेखी पट्टी, पैसे मिळण्याची ठरलेली तारीख आणि बाजार समितीचा धाक हवाच. दलाल सज्जन असेल तर तारखेची त्याला अडचण कसली?