रिकाम्या गिरणीचे छायाचित्र आणि अनिच्च



आमच्या शाळेतील चित्रकलेच्या गुरुजींपाशी मुंबईच्या बंद गिरण्यांची काही कृष्णधवल छायाचित्रे आहेत. मधल्या सुट्टीत आम्ही ती पाहत होतो. करवतीच्या दात्यांसारखे छप्पर, फुटक्या काचांतून आत आलेला उजेड, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप. माणूस मात्र एकही नाही. एक सहकारी उसासा टाकून म्हणाले, "सारे अनित्य आहे. तुमच्या बुद्धांनी हेच सांगितले ना?" मी मान डोलावली. घरी येईपर्यंत ते मान डोलावणे मला बोचत राहिले.

जे घडले ते मोडणार, हे अनिच्च खरेच. परंतु तथागतांनी तेवढ्यावर थांबायला सांगितले काय? जे येते ते कारणाने येते आणि जाते तेही कारणानेच. ते कारण शोधा, असा हा धम्म आहे. गिरण्या काही झाडाच्या पानांसारख्या गळाल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारोंची नोकरी कायमची गेली. पुढे १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट उघडली. त्यात शहराच्या मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी वाटा होता. २००१ साली नियम असा फिरवला की वाटणी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जागेची व्हावी. ही माणसांनी सह्या करून केलेली कामे. त्यांना अनिच्च म्हणून हात जोडणे म्हणजे धम्माचे नाव घेऊन डोळे मिटणे होय.

मग दोष छायाचित्राचा काय? तसे म्हणवत नाही. गुरुजींनी मला बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन पतिपत्नीविषयी सांगितले. १९५९ पासून त्यांनी पाण्याचे मनोरे, लोखंडाच्या भट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. ढगाळ दिवस निवडायचा, म्हणजे सावली पडत नाही. कॅमेरा सरळ समोर ठेवायचा. आणि एकाच जातीच्या वास्तूंची चित्रे ओळीने मांडायची. (जात हा शब्द इथे तरी निरुपद्रवी आहे!) त्यांत उसासा नाही, नुसते पाहणे आहे. पाहणाऱ्याने तुलना करावी, फरक ओळखावा. ही दृष्टी मला आपल्या विपश्यनेच्या जवळची वाटते. तरीही त्यांच्या चित्रांत कामगार नाही, आणि माझी अडचण तिथेच सुरू होते.

गुरुजींकडून एक चित्र मागून घेऊन मी आजोबांना दाखवले. ते गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिले. म्हणाले, "पोरा, हे साच्याचं खातं. वर मजला नाही, छपरातून उजेड. आमचं खातं वरच्या मजल्यावर." मग थोड्या वेळाने, "माझ्या बापाला या दारातून आत घेत नव्हते."

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा तोंडाला लावणार? म्हणून जास्त पगाराचे विणकाम खाते आपल्या माणसांना बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाविरुद्ध लढणाऱ्यांनाही तो ऐकायला जड गेला.

आता ते खाते सर्वांनाच रिकामे आहे. चित्रात सगळ्यांची अनुपस्थिती सारखीच दिसते. संपात गेलेल्याची, आणि कधी आत येऊच न दिलेल्याचीही. कॅमेरा खोटे बोलत नाही, पण या दोन रिकामेपणांतला फरक त्याला दाखवता येत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो.

त्या चित्राखाली गुरुजींनी एकच शब्द लिहिला होता, 'उजेड'. त्यांची परवानगी घेऊन मी शेजारी पेन्सिलीने 'विणकाम खाते' असे लिहिले आहे. पुढची ओळ आजोबा सांगणार आहेत. दोन दिवस झाले, ते अजून विचार करीत आहेत.