भरलेली होडी

होडीत जो सगळ्यांत आधी चढतो तो सगळ्यांत जास्त वेळ थांबतो. जबलपूरजवळ भेडाघाटच्या पंचवटी घाटावर हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं यंदाच्या माघापर्यंत वाटलं नव्हतं. रांगेचा नियम सरळ असतो. आधी आला तो आधी सुटला. भरल्याशिवाय न हलणाऱ्या होडीत उलटं होतं. पहिला माणूस फळीवर बसून ऊन खात राहतो, दुसरा येतो, पाचवा येतो, आणि शेवटी जो पळत पळत पायऱ्या उतरतो त्याचा पाय होडीत पडताच नावाडी वल्हं टेकवून होडी लोटतो. त्याला एक मिनिटही थांबावं लागत नाही. गंमत म्हणजे इतका वेळ ताटकळलेले सगळे त्याच्याकडे रागाने नाही, कृतज्ञतेने पाहतात.

माघात माझा मामेभाऊ आणि त्याची बायको पुण्याहून आले होते. सकाळी आले, संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. तेवढ्यात ग्वारीघाट, मग धुआंधार, मग संगमरवराच्या कड्यांमधून होडीची फेरी. आईही आमच्याबरोबर निघाली. तिचं वय एकोणऐंशी, गुडघे दोन्ही गेलेले, पण भेडाघाट म्हटलं की ती घरी थांबत नाही.

भाऊ आदल्याच वर्षी जहाजाने ग्रीसची बेटं पाहून आला होता, त्यामुळे गाडीत तोच विषय. सँटोरिनीला म्हणे मोठं जहाज किनाऱ्याला लागतच नाही. ज्वालामुखीच्या खोल कुंडात ते उभं राहतं आणि छोट्या बोटी उतारूंना काठावर नेऊन सोडतात. त्या बोटीत बसण्यासाठी आधी क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, जहाजावरच्या दालनात बसायचं, क्रमांक पुकारला की खाली उतरायचं. पण ज्यांनी महागड्या खोल्या घेतल्यात किंवा जहाजाच्याच सहलीचे पैसे भरलेत त्यांना आधी सोडतात. "मग तुम्हाला राग नाही आला?" माझ्या बायकोने विचारलं. भाऊ म्हणाला, "राग यायला ते दिसायला तर हवेत. त्यांना वेगळ्या दाराने नेतात."

आई मागच्या सीटवरून म्हणाली, "म्हणजे पडावच की."

पडाव हा शब्द आमच्या घरात आजीबरोबर आला. आजी वेंगुर्ल्याची. कोकणच्या किनाऱ्यावर आगबोट बऱ्याच बंदरांत धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहत असे, आणि पडावातून उतारू तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात सगळंच बंद. लग्न होऊन ती निघाली तेव्हा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रात्रभर ट्रंकेवर बसून होती. आगबोटीचा दिवा दिसला की पडाव सुटणार. मग मुंबई, मग रेल्वे. १८७० साली मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली अशा दोन लोहमार्गांची गाठ जिथे पडली, त्या जबलपुरात ती उतरली आणि इथलीच झाली. इथल्या हिंदीत पड़ाव म्हणजे मुक्कामाची जागा. आजी शेजारणींना पडावाची गोष्ट सांगू लागली की त्यांना वाटे ती कुठल्या तरी धर्मशाळेबद्दल बोलते आहे. आजी म्हणे, चुकीचं काय त्यात? पडावात बसणं कमी आणि मुक्कामच जास्त.

घाटाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. आई अर्ध्यात टेकली. तिथेच पांढऱ्या लुगड्यातल्या एक परिक्रमावासी बाई बसल्या होत्या. झोळी, काठी, कमंडलू. आईने "नर्मदे हर" म्हटलं आणि उत्तराच्या हेलावरून ओळखलं की बाई मराठी. त्या सांगलीकडच्या निघाल्या. मग काय विचारता. परिक्रमेत नदी ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची. त्यामुळे या होडीशी बाईंना देणंघेणं नव्हतं. पण परिक्रमेत एक होडी आहेच. दक्षिण तटाने समुद्रापर्यंत गेलं की विमलेश्वरहून खाडीतून पलीकडे मिठीतलाईला जावं लागतं, तिथून उत्तर तट सुरू. ती होडी भरतीच्या वेळेलाच सुटते. बाई दोन रात्री थांबल्या होत्या. "कुणी चिडत नाही?" आईने विचारलं. "चिडायचं कुणावर," त्या म्हणाल्या, "पाणी येईल तेव्हा येईल." मग जरा थांबून, हसून, "चिडतात हो. होडी आली की आपला क्रमांक आधी लागावा म्हणून साधूसुद्धा ढकलतात."

या गप्पांत वीस मिनिटं गेली, तेव्हा आमच्यापैकी कुणालाच घाई नव्हती. खाली पोचल्यावर मात्र भावाने घड्याळ पाहिलं. उभ्या असलेल्या होडीत सहा-सात माणसं बसली होती. तीन-चार कॉलेजची पोरं, एक जोडपं, आणि पुढच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू. मुलाने टोकाची जागा पकडली होती, हात पाण्यात घातला होता. आम्ही पाच जण बसलो असतो तरी होडी भरायला आणखी तीन-चार जण लागले असते. दुपारची वेळ, पायऱ्यांवर कुणी दिसेना.

मी नावाड्याला बाजूला घेतलं. आई आहे, गुडघे दुखतात, फार वेळ फळीवर बसवणार नाही, पूर्ण होडी घेतो. हे खोटं नव्हतं. पण आईने तक्रार केलेली नव्हती, आणि माझ्या डोक्यात गुडघ्यांपेक्षा संध्याकाळची गाडी जास्त होती. नावाड्याने एक क्षण हिशेब केला आणि होडीतल्यांना सांगितलं, आप लोग अगली में बैठ जाइए. पोरं हसत उड्या मारून उतरली. जोडपं काही न बोलता उठलं. म्हाताऱ्यांनी नातवाचा हात पाण्यातून काढून आपल्या धोतराला पुसला, चपला हातात घेतल्या, आणि दोघं शेजारच्या रिकाम्या होडीत जाऊन बसले. पुन्हा पहिले.

नंतर नावाडीच बोलता बोलता म्हणाला की ते अर्ध्या तासापासून बसले होते. रांगेत कुणी पुढे घुसलं तर आपण एका जागेने मागे जातो. इथे त्यांचा अर्धा तास पुसलाच गेला.

कड्यांमध्ये शिरलं की पाणी एकदम शांत होतं. दोन्ही बाजूंना पांढरे, पिवळसर, कुठे निळसर-काळे दगड. नावाडी यमकं जुळवत आपलं पाठ केलेलं समालोचन सुरू करतो: इथे १९६० च्या 'जिस देश में गंगा बहती है'चं चित्रीकरण झालं, इथे २००१ च्या 'अशोका'चं, हा दगड बघा गाडीसारखा दिसतो. लोक हसतात. आम्हीही हसलो. पण पंधरा-एक माणसांच्या होडीत आम्ही पाच होतो आणि रिकाम्या फळ्या डोळ्यांसमोर होत्या. आई म्हणाली, "त्या मुलाला घ्यायला हवं होतं की रे." मी म्हणालो, ते येतीलच पुढच्या होडीतून. हे वाक्य मी इतक्या सहज म्हणालो की आता आठवलं तरी कानाला लागतं.

यात नेमकं चुकलं काय, हे मला त्या दिवशी कळलं नाही. म्हाताऱ्या माणसाला आधी नेणं चूक असेल तर ती चूक मी पुन्हा करेन. रांग न्यायी वाटते ती सगळ्यांचा वेळ सारखा धरते म्हणून. पण सगळ्यांचा वेळ सारखा नसतो. गुडघे गेलेल्या बाईची पंधरा मिनिटं आणि कॉलेजच्या पोराची पंधरा मिनिटं एका मापाची नाहीत. आणि वल्हं मारणाऱ्याचा वेळ? पावसाळ्यात त्याची होडी बांधलेलीच असते, तेव्हा त्याची वाट कोण पाहतं? कडक रांग ही न्यायाची सोपी नक्कल आहे, असं माझं मत आहे, आणि तिला अपवाद करावेच लागतात. मुद्दा हा की अपवादाची किंमत कुणीतरी मिनिटांत मोजतोच. आईचं लवकर जाणं त्या आजोबा-नातवाच्या खात्यातून गेलं. आणि मी मात्र पैसे दिले नावाड्याला. ज्याचा वेळ होता त्याला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ते बहुधा म्हणाले असते, न्या हो माताजींना, आम्हीही येतो बरोबर. मग होडीही भरली असती.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही, आपलं दैवतच त्यावर उभं आहे. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, दारात देव आला, आणि त्याने देवाला थांबवलं. आपण ही गोष्ट मातृपितृभक्तीची म्हणून सांगतो, आणि माझ्यासारखे लोक तिचा आधार घेऊन घाटावरच्या परक्या माणसाला खाली उतरवतात. पण गोष्टीत एक वीट आहे. पुंडलिकाने थांबायला सांगितलं ते दारात आलेल्यालाच, आणि त्याच्या पायांखाली काहीतरी दिलं. तुझा वेळ मी घेतो आहे हे मला ठाऊक आहे, एवढं त्या विटेत आहे. देव अठ्ठावीस युगं तिष्ठत राहिला तो त्या विटेवर. मी कुणाला वीट दिली? भावाच्या जहाजावर तर तो प्रश्नच मिटवलेला. वेगळं दार म्हणजे ज्यांचा वेळ घेतला त्यांचं तोंड न पाहण्याची सोय. तशी दारं आपण देवळांतही केली आहेत, त्यामुळे ग्रीसला नावं ठेवण्याचं कारण नाही. पंचवटी घाटाला वेगळं दार नाही. म्हातारे माझ्यासमोर धोतराला हात पुसत उतरले.

आणि हे सगळं सहलीच्या होडीबद्दल. याच नदीवर भेडाघाटच्या वरच्या अंगाला बरगीचं धरण आहे. त्याच्या पाण्याने जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. रस्ते पाण्याखाली गेल्यावर काठावर उरलेल्या काही वस्त्यांना बाजाराला, दवाखान्याला जायला होडीच राहिली. तिथे होडी भरण्याची वाट पाहणाऱ्या बाईच्या कडेवर तापलेलं मूल असू शकतं. तिथे 'पूर्ण होडी घेतो' म्हणणारा कुणी आला तर काय होत असेल, याचा विचार मी परतीच्या वाटेवर गाडीत करत होतो. त्याआधी घाटावर जे झालं ते सांगायचं राहिलं.

फेरी संपवून आम्ही आलो तेव्हा दुसरी होडी अजून तिथेच होती. पोरं आणि जोडपं त्याच होडीत होते, चार-पाच नवे चेहरे आले होते. मुलाने पुन्हा टोकाची जागा पकडली होती, पण आता हात पाण्यात नव्हता. तो आजोबांच्या मांडीवर डोकं टेकून आडवा झाला होता. मी त्या नावाड्याला विचारलं, किती कमी आहेत? दो, तो म्हणाला.

आई माझ्याकडे पाहत राहिली. भाऊ घड्याळाकडे. दोघांनी पुन्हा होडीत बसायचं तर एक मी, आणि दुसरं कोण? आणि गाडी? मी खिशातून दोन माणसांचे पैसे काढले आणि नावाड्याला म्हणालो, निघा. त्याला आधी कळेना, मग त्याने खांदे उडवले आणि होडी लोटली. म्हाताऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. मी हात जोडले. त्यांनीही जोडले, पण घाटावर कुणीही हात जोडले तर माणूस जोडतोच. मुलगा उठून बसला. दोन रिकाम्या जागा घेऊन होडी कड्यांकडे वळली.

"पुन्हा पैसेच दिलेस," आई म्हणाली.

मग ती पायऱ्या चढू लागली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मध्ये मध्ये कठड्याला धरून. अर्ध्यात त्या परिक्रमावासी बाई आता नव्हत्या, पुढे निघून गेल्या होत्या. भाऊ-वहिनी वर जाऊन उभे होते, घड्याळ आता कुणी पाहत नव्हतं. मी तिच्या मागे एक पायरी ठेवून चढत होतो.