विचारलं तर सांगू

माणसाची ओळख नेमकी कशात असते, यावर आपल्याकडच्या थोर लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. ते मी वाचलेलं नाही. मला हा प्रश्न पडला तो एका मोटारीच्या पोटात डोकावताना.

मोटार माझ्या भाच्याची. तो कोव्हेंट्रीत असतो आणि त्याच गावात जन्मलेली एक जुनी जॅग्वार ई-टाइप त्याच्याकडे होती. १९६१ साली ही गाडी निघाली तेव्हा ताशी दीडशे मैलांचा बोलबाला होता. (२००८ साली टाटांनी जॅग्वार घेतल्यापासून आमची ताई तिला ‘आपल्यातलीच’ म्हणते.) भाच्याची गाडी मात्र जागेवरून हलत नव्हती. आधीच्या मालकाने एका हिवाळ्यात इंजिनात नुसतं पाणी ठेवलं. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं. आणि ब्लॉक बिडाचा, म्हणजे आपल्या आंबोळीच्या तव्याच्या जातीचा. बीड वाकत नाही, समजूत घालून घेत नाही, सरळ तडकतं. त्या गृहस्थाने वीतभर तड्यावर रंगाचा हात मारला आणि गाडी भाच्याला विकली.

आता दुसरा ब्लॉक बसवावा, तर त्याच्यावरचा नंबर जुळत नाही, आणि शौकीन लोक नंबर जुळला नाही की पत्रिका न जुळल्यासारखे उठून जातात. नव्या ब्लॉकवर जुना नंबर ठोकून देणारे कारागीरही असतात म्हणे. त्या वाटेला भाचा गेला नाही. त्याने तडा शिवून घेतला.

हो, शिवूनच! बीड वेल्ड करायला जावं तर तापण्या-निवण्यात शेजारीच नवा तडा जाण्याची भीती. म्हणून तड्याच्या टोकांना भोकं पाडून त्याची पुढची वाट बंद करतात, वर आडव्या पट्ट्या ठोकून बसवतात आणि तड्याच्या रेषेवर एकमेकांत घुसणारे आट्यांचे खिळे ओळीने पिळतात. घासून रंग दिला की चांगल्या रफूसारखं, शोधूनही सापडत नाही.

मग ही गाडी तीच का? लंडनच्या हायकोर्टात १९९० साली असाच एक खटला झाला. बेंटलेची ‘ओल्ड नंबर वन’ ही १९२९ आणि १९३० साली ल माँची शर्यत जिंकलेली गाडी. पुढे तिचं इंजिन बदललं, बॉडी बदलली, मूळचं फारसं काही उरलं नाही. एक कोटी पौंडांना सौदा ठरल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, ही ती नव्हेच! न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल दिला, की तीच. कारण मध्ये खंड न पडता ती तीच गाडी म्हणून जगत आली. मला स्वतःपुरतं फार बरं वाटलं. माझेही चार दात, एक गुडघा आणि डोळ्यांतली दोन्ही भिंगं मूळची नाहीत.

पण गाडी कोणती ते न्यायमूर्तींनी सांगितलं. विकणाऱ्याने काय सांगावं, ते कोण सांगणार? कारण भाच्याला गाडी विकायची होती.

“विचारलं तर सांगेन, मामा,” तो म्हणाला. “मला कुठं कुणी सांगितलं होतं?”

हे वाक्य फार सभ्य दिसतं. स्थळं सांगणारे मध्यस्थ त्याच्यावरच जगतात. पण विचारायला आधी तडा आहे हे ठाऊक असावं लागतं, आणि ज्याला ठाऊक असतं तोच समोर हात बांधून, आपल्याला कुणी विचारू नये अशी प्रार्थना करत उभा असतो. शिवलेल्या तड्याची लाज वाटण्याचं मला तरी कारण दिसेना. उलट त्या खिळ्यांइतकं प्रामाणिक काम त्या गाडीत दुसरं नव्हतं.

“तुला कळलं तेव्हा किती दिवस धड जेवला नव्हतास?” मी विचारलं.

तो काही बोलला नाही. पण गिऱ्हाईक आलं तेव्हा फायलीत पहिल्याच पानावर तड्याचे फोटो आणि शिवणकामाचं बिल लावलेलं होतं. त्या म्हाताऱ्या साहेबाने ते दोनदा वाचलं, ब्लॉकवरून बोट फिरवलं, किंमत पाडून मागितली आणि गाडी घेऊन गेला.

किती पाडली, ते भाच्याने बायकोला सांगितलेलं नाही. तिने अजून विचारलेलं नाही.