बावीस कॅरटचा दोस्तोव्हस्की

पुस्तक कोणाचे? ज्याने दाम मोजले त्याचे, की ज्याने वाचले त्याचे? कोणीही हिशेबनीस म्हणेल, पावती दाखवा आणि वाद मिटवा. मीही कॉमर्सचा माणूस. पावतीवर माझी श्रद्धा आहे. पण 'क्राइम अँड पनिशमेंट'च्या चामडी आवृत्तीपुढे ही श्रद्धा जरा डळमळते.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ईस्टन प्रेसने अभिजात कादंबऱ्या अस्सल चामड्यात बांधून काढल्या. पाठीवर बावीस कॅरट सोन्याची नक्षी, पानांच्या कडा सोनेरी, आत खुणेसाठी फीत. थाट असा, की वरमाईने हेवा करावा! आणि पुढे जुन्या बाजारात अशी प्रत विकणारा अभिमानाने सांगतो, 'मूळचे प्लॅस्टिक अजून फोडलेले नाही.' म्हणजे भाजी ताजी, दूध निरसे आणि कादंबरी न वाचलेली!

आता या सोन्याच्या आत राहतो कोण, ते पाहा. १८६६ साली ही कादंबरी एका रशियन मासिकातून क्रमशः आली, तेव्हा दोस्तोव्हस्की कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता. त्याचा नायक रास्कोल्निकोव्हही तसाच. भाडे थकलेले, म्हणून घरमालकिणीला चुकवत जिना उतरणारा. बापाचे चांदीचे घड्याळ तो गहाण टाकायला नेतो. मागतो चार रूबल, सावकारीण म्हातारी कबूल करते दीड. व्याज रूबलमागे महिना दहा कोपेक, तेही आगाऊ. म्हणजे सालीना शेकडा १२०! मागल्या कर्जाचेही व्याज कापून हातात पडतात एक रूबल पंधरा कोपेक. अशा माणसाला सोन्याने मढवणे म्हणजे उपाशी माणसाला जरीचा फेटा बांधण्यासारखे.

तुम्ही म्हणाल, अहो, चामड्याने पुस्तक टिकते, नातवापर्यंत पोचते. कबूल. वाचणारी माणसे पानांचे कान दुमडतात, त्यांवर आमटी सांडतात आणि उसने नेलेले पुस्तक परत आणत नाहीत. जपणारे नसते तर पुष्कळ काही नाहीसे झाले असते. जपणे हे पुण्यच आहे. पण नातवानेही प्लॅस्टिक फोडायचे नाही असे ठरले, तर हे पुण्य कोणाच्या खाती जमा करायचे?

याचे उत्तर त्याच कादंबरीत आहे. रास्कोल्निकोव्ह म्हातारीचा खून करतो, तिचा कातडी बटवा पळवतो आणि एका दगडाखाली लपवतो. आत किती आहे, हे बघतसुद्धा नाही! खटल्यात हे कोणाला पटेना. शेवटी काहींनी मान्य केले, की पाहिले नसेल. पण मग गुन्हा करताना याचे डोके फिरलेले असणार. बटव्यात निघाले ३१७ रूबल ६० कोपेक. वरच्या मोठ्या नोटा ओलीने खराब झाल्या होत्या.

बटवा चोरीचा होता आणि पुस्तक पावतीचे, हा फरक मोठा आहे. कायद्याला तेवढा पुरतो. पण न उघडलेल्या चामड्यावर माणसाला ताबा मिळतो, मालकी मिळत नाही. मालकी आतल्या मालाची असते आणि तो उघडल्याशिवाय हाती लागत नाही.

तेव्हा कोणाच्या कपाटात अशी प्रत दिसली, तर पावती मागू नये. फीत कुठल्या पानात आहे, तेवढे पाहावे. बांधणाऱ्याने घातली तिथेच ती असेल, तर पुस्तक अजून दुकानातच आहे असे समजावे. जागेचे भाडे तेवढे दुकानदाराऐवजी हे गृहस्थ भरताहेत!