दुरुस्त केलेली पद्मिनी तीच का?

प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. मूळची ती फियाट 1100. मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या अशा गाडीचा तळपत्रा पावसाने गंजतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, रबरी नळ्या तडकतात. हे सारे बदलल्यावर ती तीच गाडी उरते का?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: रथ म्हणजे आस की चाक? यांपैकी एकही नव्हे; भाग जुळले की ‘रथ’ असा केवळ व्यवहार होतो. न्याय-वैशेषिकांचे मत याच्या उलट. अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली संपूर्ण वस्तू, हा अवयवांहून वेगळा आणि खरा. मात्र अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो. म्हणजे एक पत्रा बदलला तरी गाडी नवी! वडिलांची गाडी जपणाऱ्याला हे कसे पटावे? जैन दर्शन म्हणते, द्रव्य टिकते, पर्याय म्हणजे त्याच्या अवस्था पालटतात. जीर्णोद्धाराच्या अनुभवाला हेच उत्तर सर्वांत जवळचे आहे.

पद्मिनीला वेगळा सांगाडा नाही, बॉडी हाच सांगाडा; टिकणारे द्रव्य म्हणावे तर तीच. म्हणून इंजिनाचे भाग खुशाल बदलावेत. मूळ बॉडी मात्र शक्य तितकी सांधून वाचवावी.