नॉर्मल रिपोर्ट आणि स्वसंवेद्य दुखणे

थायरॉईडची बहुतेक लक्षणे अंगावर आहेत आणि रक्ताचा रिपोर्ट मात्र नॉर्मल, ही अडचण वैद्यकाची आहे तशीच ज्ञानमीमांसेचीही आहे. अंगात त्राण नसते, थंडी सोसत नाही, केस गळतात, पोट साफ होत नाही, पाळी पुढेमागे होते, सकाळी हात सुजून बांगड्या रुततात. कागदावर टीएसएचसमोर 2.8 असा आकडा असतो आणि शेजारच्या रकान्यात 0.4 ते 4.0 अशी मर्यादा छापलेली असते. आकडा मर्यादेत बसला की घरात निकाल लागतो: काही झालेले नाही. इथून प्रश्न सुरू होतो. दुखणे आहे की नाही, याबाबत प्रमाण कोणाला मानायचे, ज्याला ते होते त्याला की ज्याने ते मोजले त्याला?

या प्रश्नाचा अहिल्यानगर जिल्ह्याशी जुना संबंध आहे. नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अमृतानुभवही तिथलाच, असे परंपरा मानते. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत आद्य तत्त्वाला स्वसंवेद्य म्हटले आहे, म्हणजे जे स्वतःच स्वतःला कळते. अमृतानुभवाच्या शब्दखंडनात हा विचार टोकापर्यंत नेला आहे. शब्द हे प्रमाण कितीही मोठे असले तरी आत्म्याला ते सिद्ध करू शकत नाही, कारण प्रमाणांचा सगळा व्यवहार ज्याच्या प्रकाशात चालतो त्याला बाहेरचा पुरावा लागत नाही. याच ग्रंथात आणखी एक धीट विधान आहे. एखादी गोष्ट शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितली एवढ्यासाठीच ती मानायची असे नाही. त्यांनी सांगितली नसती तरी ती तशीच असती. अधिकारी पुरुषाचे वचन आणि वस्तूचे असणे यांत इतका स्पष्ट फरक करणारा ग्रंथ मराठीच्या आरंभकाळीच लिहिला गेला, याचे मोल फार मोठे आहे.

हा युक्तिवाद आत्म्याविषयी आहे, शरीराच्या थकव्याविषयी नाही, हे विसरून चालणार नाही. वेदान्ताच्या दृष्टीने थकवा हा आत्मा नव्हे. तो जाणला जाणारा विषय आहे. तरीही अद्वैताच्या आचार्यांनी सुखदुःखांना विषयांमध्ये वेगळी जागा दिली आहे. घडा दिसायला डोळा लागतो, पण सुखदुःख साक्षीला, म्हणजे आतल्या जाणणाऱ्या चैतन्याला, थेट कळते, मध्ये इंद्रिय लागत नाही. नैयायिक साक्षी मानत नाहीत. ते सुखदुःखाचे ज्ञान मानसप्रत्यक्ष, म्हणजे मनाने होणारे प्रत्यक्ष, ठरवतात. मार्ग वेगळे असले तरी दोघांच्या मते ‘मला थकवा आला आहे’ हे ज्ञान अनुमान नाही. ते प्रत्यक्ष आहे आणि ज्याचे त्यालाच होते.

चरकसंहितेने हेच वैद्याच्या कामात आणले. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात रोग जाणण्याची तीन साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. वैद्याने डोळे, कान, नाक, स्पर्श यांनी काय तपासावे आणि कशाचे अनुमान करावे, याच्या याद्या तिथे आहेत. त्यांच्याबरोबरच कोठा हलका की जड, स्वप्ने कोणती पडतात, काय आवडते, काय नकोसे होते, सुख कशाने आणि दुःख कशाने, हे फक्त रुग्णाला विचारूनच समजते, असे ग्रंथ सांगतो. म्हणजे विचारणे ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नाही. ज्ञानाच्या ज्या भागाला दुसरे दारच नाही, त्याचे ते दार आहे.

इथपर्यंत रुग्णाचा पक्ष भक्कम आहे. मात्र ‘मला थकवा आहे’ या वाक्याला ‘आणि तो थायरॉईडमुळेच आहे’ असे जोडले की प्रत्यक्ष संपते आणि अनुमान सुरू होते. अनुमानाला व्याप्ती लागते. धूर आहे तिथे अग्नी आहे, असा अतूट संबंध थकवा आणि थायरॉईड यांच्यात नाही. रक्त कमी असले तरी असाच थकवा येतो, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. बी-12 ची कमतरता, पाळी जाण्याचा काळ, घोरण्यामुळे मोडणारी झोप, नैराश्य, यांतही हीच लक्षणे दिसतात. 2001 मध्ये ग्लासगोतल्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. लक्षणे असलेल्या पण रिपोर्ट नॉर्मल असलेल्या लोकांना काही काळ थायरॉक्सिन आणि काही काळ तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली गेली. थायरॉक्सिन त्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही, आणि त्या गोळीनेही रुग्णांना बरे वाटले. त्रास खरा होता आणि आरामही खरा होता, पण कारणाचा अंदाज टिकला नाही. गोळीने बरे वाटले म्हणून रोग तोच होता, हे अनुमान सदोष आहे. शिर्डीच्या उदीने बरे वाटल्याचे सांगणाऱ्या भाविकाचा अनुभव खरा मानूनही हा दोष शिल्लक राहतो.

आता रिपोर्टचा पक्ष. नॉर्मल रिपोर्टवरून रोग नाही असे म्हणणे म्हणजे अभावाचे ज्ञान. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि त्याला एक अट घातली. वस्तू असती तर ती या साधनाने नक्की कळली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही. या योग्यतेच्या अटीवर टीएसएचचा कागद पारखला पाहिजे.

बहुतेकांच्या बाबतीत ही चाचणी उजेडाचे काम करते. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले की मेंदूखालची पियुषिका ग्रंथी टीएसएच वाढवते, आणि ही वाढ फार लवकर दिसते. म्हणून नॉर्मल टीएसएचला मोठे वजन आहे. पण बिघाड पियुषिकेतच असेल तर टीएसएच नॉर्मल राहून थायरॉक्सिन कमी असू शकते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीला पुढे असे होऊ शकते. डॉक्टर शीहान यांनी 1937 मध्ये त्याचे वर्णन केले. ‘बाळंतपणात रक्त फार गेले होते का, नंतर दूध आले का, पाळी परत आली का’ हे तीन प्रश्न इथे आकड्याइतकेच बोलतात. बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या केसांसाठी घेतल्या जातात, त्यांनी काही यंत्रांवरचे आकडे चुकतात. शिवाय ती छापलेली मर्यादा कुणा एकाची नसते. निरोगी मानलेल्या लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांचे आकडे घेऊन ती बांधलेली असते. 2002 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 16 पुरुषांचे रक्त वर्षभर दरमहा तपासले, तेव्हा प्रत्येकाची स्वतःची मर्यादा सर्वांच्या मर्यादेच्या साधारण निम्मीच निघाली. समूहात नॉर्मल असलेला आकडा त्या माणसापुरता बदललेला असू शकतो. थायरॉक्सिनची गोळी चालू असून टीएसएच नॉर्मल झालेल्या रुग्णांपैकी साधारण 5 ते 10 टक्क्यांना त्रास उरतो, हेही आता मान्य झाले आहे. त्याच्या कारणांवर मतभेद आहेत.

तेव्हा रिपोर्ट रक्तातल्या एका द्रव्याविषयी प्रमाण आहे आणि रुग्ण आपल्या वेदनेविषयी. ‘तुला काही झालेले नाही’ हे वाक्य या दोन्ही प्रमाणांत कुठेच नाही. तरी ते बोलले जाते, आणि त्याचे परिणाम गावात दिसतात. डॉक्टरांनी काही नाही म्हटल्यावर शेजारीण सुचवते, ‘एकदा बाहेरचं बघून घ्या.’ कुणी साडेसाती काढते आणि शनिशिंगणापूरची वारी ठरते, कुणी देवऋषी गाठतो. शनीला तेल वाहण्यात श्रद्धा आहे आणि ती ज्याची त्याची. पण ‘बाहेरचं’ हे निदान त्याच सदोष अनुपलब्धीवर उभे आहे: आत काही सापडले नाही, म्हणून बाहेर काही असले पाहिजे. त्यातून मारहाण आणि लूट घडते, म्हणूनच 2013 मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ‘मनाचं आहे’ हे शहरी निदानही बहुतेकदा याच रीतीने येते. नैराश्य हा खरा आजार आहे, त्याला त्याची स्वतःची लक्षणे आहेत. इतर काही सापडले नाही एवढ्या आधारावर तो ठरत नाही.

याच अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या, अनेकदा निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या बायका दारी जाऊन विचारत, ऐकत, आणि देवीच्या कोपाने आजार होतो ही समजूतही दूर करत. दोन्ही कामे एकाच बाईने करणे, ही चरकाच्या आतुरपरिप्रश्नाची, म्हणजे रुग्णाला विचारण्याची, आणि अनुमानाच्या शिस्तीची सांगड होती.

नॉर्मल रिपोर्ट हाती घेतलेल्या रुग्णापुढे आधी ऐकणे आणि मग अनुमान, याच क्रमाने जाण्याचा मार्ग उरतो. त्रास झाला तसा नोंदवला जावा. हिमोग्लोबिन, बी-12 आणि गरजेप्रमाणे टी-4 व थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे तपासली जावीत. झोप, पाळी, बाळंतपण आणि चालू गोळ्या यांची विचारपूस व्हावी. काही महिन्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा. हे सारे करूनही कारण सापडले नाही, तर कागदावर ‘कारण अद्याप कळलेले नाही’ असे लिहावे आणि त्रासावरचे उपचार चालू ठेवावेत.